‘कॉन्स्टिट्यूशन’ वर्ग : न बांधलेल्या आरमाराची वंशावळ

आरमाराच्या परिभाषेत ‘वर्ग’ हा शब्द काटेकोर अर्थाने वापरला जातो. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांचा एक वर्ग होतो आणि त्यातील पहिल्या जहाजाचे नाव साऱ्या वर्गाला लाभते. स्वतंत्र भारताच्या नौदलाचा ‘गोदावरी’ वर्ग याच रीतीने ओळखला गेला. आपल्या जुन्या आरमाराची पद्धत निराळी होती. आंग्र्यांच्या काळातील गुराब, गलबत, पाल, मचवा ही नावे बांधणीच्या प्रकाराची होती. ‘अमुक जहाजाच्या वर्गातले तमुक’ असे म्हणण्याची गरज त्या काळी भासली नाही. कारण उघड आहे. प्रत्येक जहाज सुताराच्या हातचे स्वतंत्र काम असे. वर्गाची कल्पना रुजण्यासाठी आधी आराखडा कागदावर यावा लागतो, आणि कागद आला की कारकून येतो.

या लेखात ज्या वर्गाचा इतिहास सांगावयाचा आहे, त्यातील एकही जहाज कोणत्याही गोदीत बांधले गेले नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘एंटरप्राइज’ हे तारायान आणि त्याची कल्पित भावंडे मिळून ‘कॉन्स्टिट्यूशन’ वर्ग होतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखविली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी रविवारी सकाळी त्या बशीच्या आकाराच्या यानाचे दर्शन झाले असेल. कल्पित यानाला इतिहास कसला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः इतिहास दोन आहेत : एक यानाचा, जो कल्पित आहे, आणि दुसरा त्या कल्पनेचा, जो पूर्णपणे खरा आहे. दुसऱ्या इतिहासाचे धागे मात्र अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचतात. त्यांतील एक थेट माळव्यात, क्षिप्रेच्या काठी येतो. तो यथावकाश पाहू.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी हे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. युद्धानंतर त्यांनी पॅन अमेरिकन कंपनीत प्रवासी विमाने चालविली, पुढे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरी केली आणि तेथूनच ते दूरचित्रवाणीच्या लेखनाकडे वळले. मार्च १९६४ मध्ये त्यांनी मालिकेचा जो प्रस्ताव लिहिला, त्यात यानाचे नाव ‘यॉर्कटाउन’ असे होते. सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतील होरेशियो हॉर्नब्लोअर हा ब्रिटिश आरमारी कप्तान त्यांच्या डोळ्यांपुढे होता. ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिडाच्या काळातील फ्रिगेट हे ताफ्यापासून दूर, एकट्याने फिरणारे जहाज. वरिष्ठांचा हुकूम यावयास महिने लागत. युद्ध, तह, परदेशी दरबाराशी शिष्टाई, कैद्यांचे काय करावे, हे सारे कप्तानाने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावयाचे. तारायंत्र आले आणि कप्तानाचे हे स्वातंत्र्य संपले. रॉडनबेरी यांनी ते अवकाशातील प्रचंड अंतरांच्या आधाराने पुन्हा शक्य केले. विसाव्या शतकातील प्रेक्षकाला अठराव्या शतकातील कप्तान हवाहवासा वाटला, यात त्या मालिकेचे बरेचसे रहस्य आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यानाला रूप दिले ते मॅट जेफरीज यांनी. १९२१ साली जन्मलेले हे कलादिग्दर्शक मुळात विमानांचे वेडे. महायुद्धात त्यांनी बाँबफेकी विमानांवर काम केले होते, स्वतः विमान चालवीत आणि विमानांची चित्रे काढीत. रॉडनबेरी यांनी त्यांना काय हवे ते सांगितले नाही. काय नको ते सांगितले. पंख नकोत, अग्निबाणासारखी शेपटी नको, ज्वाला ओकणारी नळकांडी नकोत. तरीही यान अफाट वेगवान आणि शक्तिमान वाटले पाहिजे. जेफरीज यांनी रेखाटनांचा ढीग उभा केला आणि त्यांतून हळूहळू आज परिचित असलेला आकार निघाला : पुढे मोठी चपटी तबकडी, तिच्याखाली मानेने जोडलेला लांबट गोल पिंप, आणि त्याच्या मागील बाजूस दोन तिरप्या खांबांवर तोललेली दोन लांब इंजिने.

या मांडणीमागचा विचार पूर्णपणे विमान-अभियंत्याचा आहे. इतकी शक्ती निर्माण करणारी इंजिने धोकादायक असणार. म्हणून ती माणसांच्या वस्तीपासून दूर ठेवावीत आणि प्रसंगी टाकून देता यावीत. यानाचा बाह्य पृष्ठभाग शक्य तितका गुळगुळीत ठेवण्यामागेही तसेच कारण होते. यंत्र बाहेर बसविले तर त्याच्या दुरुस्तीसाठी माणसाला बाहेर जावे लागणार. शहाणा अभियंता यंत्रे आत ठेवील, असे जेफरीज यांचे म्हणणे. त्या काळातील चित्रपटांतील याने खिळे, नळ्या आणि पंखांनी मढलेली असत; त्यांच्या शेजारी ही साधी, जवळजवळ रिकामी पाटी पाहिली म्हणजे या माणसाच्या संयमाचे कौतुक वाटते. यानाच्या पोटातून जाणाऱ्या, दुरुस्तीसाठी वापरावयाच्या अरुंद बोगद्यांना पुढे ‘जेफरीज नळी’ हे नाव पडले. कलादिग्दर्शकाला याहून योग्य स्मारक कोणते मिळणार?

यानावरील ‘एनसीसी-१७०१’ हा क्रमांकही त्यांचाच. आपल्याकडे ‘एनसीसी’ म्हटले की खाकी गणवेशातील परेड आठवते; तेथे त्याचा उगम निराळा आहे. जेफरीज यांच्या स्वतःच्या जुन्या ‘वेको’ विमानाच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात अमेरिकेतील तत्कालीन पद्धतीप्रमाणे ‘एनसी’ने होत असे. त्यांनी त्यात सोव्हिएत विमानांची आठवण म्हणून आणखी एक ‘सी’ जोडला. अवकाशातील एवढे खर्चिक साहस दोन्ही महासत्तांना मिळूनच करावे लागेल, असे त्यांचे मत होते. क्यूबाच्या पेचप्रसंगाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका अक्षराचे मोल कळते. आकडे निवडताना ३, ६, ८ आणि ९ हे रोमन लिपीत दुरून एकमेकांसारखे दिसणारे अंक त्यांनी वगळले. पुढे त्यांनी १७०१ चा अर्थही सांगितला : क्रूझर जातीचा सतरावा आराखडा आणि त्यातील पहिले जहाज. हा खुलासा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्यामुळेच घोटाळा होणार आहे.

१९६४ च्या अखेरीस सुमारे ११ फूट लांबीची प्रतिकृती तयार झाली. तिच्या आतील दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर काढलेल्या होत्या, म्हणून छायाचित्रण उजव्या बाजूनेच होई. यान उलट दिशेने जाताना दाखवावयाचे असेल तर प्रतिकृतीवर उलटी अक्षरे चिकटवून चित्रफीत आरशातल्यासारखी फिरवून घेण्याची युक्तीही करण्यात आली. पैशांची चणचण ही या मालिकेची दुसरी कलादिग्दर्शिका होती, असे म्हणावयास हरकत नाही. दर आठवड्याला एवढे मोठे यान ग्रहावर उतरविणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसांना एका क्षणात किरणरूपाने खाली पाठविणारे यंत्र कल्पिले गेले. यान कायमचे अवकाशातच राहिले. त्यामुळे ते आपोआप जहाज झाले : किनाऱ्याला न लागणारे, नांगरून ठेवलेले, ज्यातून होड्या खाली जातात असे जहाज.

पहिला नमुना भाग एनबीसी कंपनीने नाकारला. १९६५ मध्ये दुसरा करण्यात आला. आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. पहिल्या नमुन्यात यानावर २०३ माणसे होती. मालिकेत ती संख्या ४३० झाली. यानाची लांबी ९४७ फूट ठरली, म्हणजे त्या वेळच्या मोठ्या विमानवाहू जहाजांच्या जवळपास. ही तुलना मुद्दाम केलेली होती. ‘एंटरप्राइज’ नावाचे जगातील पहिले अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज नोव्हेंबर १९६१ मध्येच अमेरिकन आरमारात दाखल झाले होते. प्रेक्षकाच्या कानाला ते नाव ताजे होते.

परंतु त्या नावाला आणखी एक, अधिक खोल अर्थ होता. १९६६ सालच्या चाळिशीतील अमेरिकन माणसासाठी ‘एंटरप्राइज’ म्हणजे प्रथम महायुद्धातील ‘एंटरप्राइज’. ती ‘यॉर्कटाउन’ वर्गातील होती. या वर्गात तीनच जहाजे होती : यॉर्कटाउन, एंटरप्राइज आणि हॉर्नेट. १९४२ या एका वर्षात अमेरिकेने चार मोठी विमानवाहू जहाजे गमावली : मे महिन्यात लेक्सिंग्टन, जूनमध्ये मिडवेच्या लढाईत यॉर्कटाउन, सप्टेंबरात वॉस्प, ऑक्टोबरात हॉर्नेट. तीन बहिणींपैकी एकटी एंटरप्राइज युद्धातून परत आली. तिचे स्मारक करावे म्हणून प्रयत्न झाले. पैसा उभा राहिला नाही. १९५८ मध्ये ती भंगारात विकली गेली. म्हणजे रॉडनबेरी यांनी आपला प्रस्ताव लिहिला तेव्हा ते जहाज मोडून पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या पहिल्या मसुद्यात बुडालेल्या बहिणीचे नाव होते. नंतर त्यांनी वाचलेल्या बहिणीचे नाव घेतले. यामागील त्यांच्या मनातील कारणाविषयी तर्क करण्याचे काम नाही. पण युद्धावर जाऊन आलेल्या माणसाला ही नावे नुसती नावे नव्हती, एवढे म्हणता येते.

आता भावंडांविषयी. १९६७ च्या एका भागात कप्तान कर्क सांगतो की, आमच्यासारखी अवघी बारा याने ताफ्यात आहेत. मालिकेचे निर्माते रॉबर्ट जस्टमन आणि लेखिका डी. सी. फाँटाना यांनी त्याच वर्षी त्या यानांच्या नावांच्या याद्या टिपणांतून एकमेकांना पाठविल्या. ‘कॉन्स्टेलेशन’, ‘लेक्सिंग्टन’, ‘यॉर्कटाउन’, ‘इंट्रेपिड’, ‘फॅरागट’ ही नावे अमेरिकन आरमारातील. पण ‘हूड’ हे ब्रिटिश युद्धनौकेचे नाव, जी १९४१ मध्ये जर्मनांनी बुडविली, ‘पोटेमकिन’ रशियन, आणि ‘काँगो’ हे जपानी युद्धनौकेचे नाव, जी १९४४ मध्ये अमेरिकेच्याच पाणबुडीने बुडविली. ज्यांच्याशी बावीस-तेवीस वर्षांपूर्वी जीवघेणे युद्ध झाले, त्यांच्या जहाजाचे नाव आपल्या भावी ताफ्यात घालणे ही साधी गोष्ट नव्हती. मालिकेत सुलूचे काम करणारे जॉर्ज ताकेई हे बालपणी, केवळ जपानी वंशाचे म्हणून, आईवडिलांसह अमेरिकन सरकारच्या छावणीत कोंडले गेले होते. ‘काँगो’ हे नाव वाचताना ही वस्तुस्थिती जवळ ठेवावी.

त्या यादीत भारतीय नाव नाही. पुढच्या पिढीच्या मालिकेत १९९३ मध्ये ‘गांधी’ नावाच्या तारायानाचा उल्लेख येतो. शस्त्रसज्ज यानाला गांधीजींचे नाव देण्यात काही विसंगती आहे, असे त्या लेखकांना वाटलेले दिसत नाही. असो.

या भावंडांचे मालिकेतील आयुष्य मात्र शोचनीय आहे. ‘कॉन्स्टेलेशन’ची सारी माणसे एका ग्रहभक्षक यंत्राने मारली आणि तिचा कप्तान एकटा, वेडाच्या काठावर, रिकाम्या यानात सापडला. ‘इंट्रेपिड’वरील ४०० व्हल्कन एका क्षणात नाहीसे झाले. ‘एक्झिटर’वर गणवेश आणि स्फटिकांची भुकटी उरली. ‘एक्स्कॅलिबर’चे लोक एका बिघडलेल्या संगणकाच्या माऱ्यात मेले. ‘डिफायंट’ अवकाशाच्या भेगेत हरवली. १९६७ आणि १९६८ या दोनच वर्षांत दाखविलेली ही पाच नावे. कथानकाची सोय म्हणून याकडे पाहता येईल. नायकाचे यान वाचवायचे तर संकटाची भीषणता दुसऱ्या कोणाच्या तरी नाशातून दाखवावी लागते. पण १९४२ ची यादी शेजारी ठेवली की हे साम्य योगायोगाचे वाटत नाही. बहिणी जातात आणि एंटरप्राइज परत येते, ही कथा त्या पिढीला आधीपासून पाठ होती.

येथपर्यंत आपण ‘कॉन्स्टिट्यूशन’ वर्ग हे शब्द वापरीत आलो. पण मूळ मालिकेत कोणाही पात्राच्या तोंडी ते येत नाहीत. यानाच्या सुकाणूकक्षातील धातूच्या पाटीवर ‘स्टारशिप वर्ग’ एवढेच लिहिलेले होते. ‘कॉन्स्टिट्यूशन वर्ग’ हे शब्द होते ते शस्त्रयंत्रणेच्या एका आकृतीवर. १९६७ च्या डिसेंबरमधील एका विनोदी भागात मुख्य अभियंता स्कॉट फावल्या वेळात तांत्रिक नियतकालिक वाचीत बसतो. त्याच्या पडद्यावर ती आकृती येते. त्या काळच्या घरगुती संचावर ती अक्षरे कोणाला वाचता येणे अशक्यच होते. म्हणजे साऱ्या वर्गाचे नाव प्रथम अशा कागदावर उमटले, जो कोणी वाचणार नाही अशी लिहिणाऱ्याची खात्री असावी.

तो वाचला गेला. ३ जून १९६९ रोजी ७९ भागांनंतर मालिका बंद पडली आणि तिचे खरे आयुष्य सुरू झाले. पुनःप्रक्षेपणे पाहणाऱ्या चाहत्यांनी हस्तलिखित-वजा पत्रिका काढल्या आणि मिळेल त्या पुराव्यावरून ताफ्याची वंशावळ जुळविण्यास घेतली. या कामाची जात आपल्याला परिचित आहे. ज्यांच्या घरी कुलवृत्तान्ताच्या जुन्या प्रती आहेत, त्यांना ठाऊक असेल की, मूळ पुरुषाचे नाव एका सनदेत, गावाचे नाव दुसऱ्या कागदात, आणि मधल्या तीन पिढ्या कोठेच नाहीत, अशा स्थितीत संकलक काय करतो. तो तर्क करतो, तर्काला परंपरेचा आधार देतो आणि पुढच्या आवृत्तीत तो तर्क माहिती म्हणून छापला जातो.

१९६७ च्या एका भागात तळावरील अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता दिसतो. त्यावर याने दुरुस्तीत किती पुढे गेली आहेत हे दाखविणारे दहा क्रमांक आहेत, नावे नाहीत. ग्रेग जाइन या चाहत्याने, जे पुढे चित्रपटांसाठी प्रतिकृती बनविणारे नामांकित कारागीर झाले, सत्तरच्या दशकात एका पत्रिकेत लेख लिहून यादीतील नावे वर्णानुक्रमाने लावली आणि ती या क्रमांकांशी जोडून दिली. पद्धत म्हणून ही धाडसी आहे. जहाजांना क्रमांक वर्णानुक्रमाने दिले जातात असे मानण्यास कोणताही आधार नाही. तरीही जाइन यांच्या जोड्यांपैकी अनेक पुढे अधिकृत प्रकाशनांत स्वीकारल्या गेल्या.

दुसरा संकलक अधिक वजनदार. फ्रान्झ जोसेफ या नावाने लिहिणारे श्नाउबेल्ट हे सॅन डिएगो येथील विमान-कंपनीतील निवृत्त आरेखक. मुलीच्या नादाने ते या विषयात पडले आणि १९७५ मध्ये त्यांनी यानाचे मजलेवार नकाशे आणि एक तांत्रिक संहिता प्रसिद्ध केली. ती अफाट खपली. त्यांनी ‘कॉन्स्टिट्यूशन’ला १७०० हा क्रमांक देऊन तिला वर्गाची ज्येष्ठ भगिनी ठरविले आणि एंटरप्राइजला १७०१ म्हणून धाकटी. हिशेब चोख जुळला. फक्त तो जेफरीज यांच्या हिशेबाशी जुळत नव्हता. सतराव्या आराखड्यातील पहिले जहाज १७०१ असेल, तर वर्गाला नाव एंटरप्राइजचे मिळावयास हवे होते. १९८२ च्या चित्रपटात प्रशिक्षण कक्षाच्या पाटीवर तसे ‘एंटरप्राइज वर्ग’ लिहिलेलेही आहे. शिवाय ‘कॉन्स्टेलेशन’चा क्रमांक १०१७ होता, तो या साखळीत कोठेच बसेना. त्याचे कारण मात्र अगदी घरगुती आहे. ते यान दाखविण्यासाठी दुकानात मिळणारा प्लास्टिकचा संच विकत आणून तो भाजून, मोडून वापरला होता, आणि संचाबरोबर आलेल्या १७०१ च्या चिकटपट्ट्यांतील अंकच उलटसुलट लावले होते. चाहत्यांनी यावरही तोड काढली : ते जुन्या वर्गाचे यान असून नंतर नव्या धर्तीवर सुधारले गेले, असे सांगण्यात येऊ लागले. बखरकाराच्या कौशल्याला येथे मनापासून दाद द्यावीशी वाटते. १९९२ मध्ये पुढील पिढीचा कप्तान पिकार्ड जुने यान पाहून ‘कॉन्स्टिट्यूशन वर्ग’ असे सहज म्हणून जातो, तेव्हा वाद संपला होता.

मग ही मूळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ कोण? मालिकेत ती कधीच दिसली नाही. परंतु तिचे नाव जिच्यावरून आले, ती आजही बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे. २१ ऑक्टोबर १७९७ रोजी पाण्यात उतरलेली ही शिडाची फ्रिगेट अमेरिकेच्या पहिल्या सहा फ्रिगेटांपैकी एक. तिची कीर्ती १८१२ च्या इंग्रजांविरुद्धच्या युद्धातील. ऑगस्टमध्ये तिने ‘गेरियर’ला हरविले आणि २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटला. कॉन्स्टिट्यूशनचे सुकाणूचक्र या लढाईत उडाले, तेव्हा विजयी कप्तान बेनब्रिज याने ‘जावा’चे चक्र काढून आपल्या जहाजाला बसविले आणि ‘जावा’ जाळून टाकली.

आता माळव्याचा धागा. ‘जावा’ हिंदुस्थानकडे निघाली होती. तिच्या पोटात मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठी तांबे होते, आणि प्रवाशांत मुंबईच्या नव्या नेमणुकीवर निघालेला लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप होता. तो कॉन्स्टिट्यूशनचा कैदी झाला. अमेरिकेविरुद्ध लढणार नाही, या शपथेवर त्याला ब्राझीलच्या किनाऱ्यावर सोडण्यात आले. शपथ अमेरिकेपुरतीच होती. हाच हिस्लॉप पुढे मद्रासचा सेनापती झाला, १८१७ मध्ये दख्खनच्या फौजेचा प्रमुख म्हणून नर्मदा ओलांडून आला, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे, क्षिप्रेच्या काठी, माल्कमच्या साथीने त्याने बालवयीन दुसऱ्या मल्हारराव होळकरांच्या सैन्याचा पराभव केला. आदल्याच दिवशी तुळसाबाईंची हत्या झाली होती. पुढच्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. फेब्रुवारीत याच हिस्लॉपने खानदेशातील थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी दिले. इंदूरच्या वाचकांना यापुढचा इतिहास सांगावयास नको. बेनब्रिजने त्या दिवशी कैद्याला सोडले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या पटावर फारसा अर्थाचा नाही. महिदपूरला दुसरा कोणी इंग्रज सेनापती आला असता. पण होळकरशाहीच्या अखेरच्या मोठ्या लढाईतील प्रतिपक्षाचा सेनानी एकदा त्या जहाजाच्या डेकवर कैदी म्हणून उभा होता, आणि त्याच जहाजाचे नाव दीडशे वर्षांनी तारायानांच्या वर्गाला मिळाले, एवढे नोंदवून ठेवण्याजोगे नक्कीच आहे.

जाता जाता आणखी एक. महिदपूरच्या लढाईच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर १८१७ मध्ये, मुंबईच्या वाडिया गोदीत ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट पाण्यात उतरली. ती ‘लेडा’ वर्गातील. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. कॉन्स्टिट्यूशनच्या समकालीन, तिच्याच जातीच्या ज्या थोड्या नौका आज पाण्यावर शिल्लक आहेत, त्यांपैकी ही एक आपल्या किनाऱ्यावरची आहे.

कॉन्स्टिट्यूशनलाही मोडीत काढण्याची भाषा १८३० मध्ये झाली होती. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या एका कवितेने लोकमत पेटले आणि जहाज वाचले. १९२० च्या दशकात तिच्या दुरुस्तीसाठी शाळकरी मुलांनी पै-पैसा जमविला. लोकांनी पत्रे लिहून जहाज वाचविण्याची ही रीत त्या देशात जुनी आहे. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ बंद होणार अशी बातमी पसरली, तेव्हा बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम चालवून मालिकेला तिसरे वर्ष मिळवून दिले. आणि १९७६ मध्ये याच मंडळींनी खऱ्या अवकाशयानाचे नाव बदलले. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे नियोजित नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ होते. राज्यघटनेच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, त्याचे अनावरण व्हावयाचे होते. चाहत्यांनी अध्यक्ष फोर्ड यांच्याकडे हजारो पत्रे पाठविली. फोर्ड स्वतः महायुद्धात पॅसिफिकमध्ये विमानवाहू जहाजावर नौदल अधिकारी होते. नाव ‘एंटरप्राइज’ झाले, आणि समारंभाला मालिकेतील बहुतेक नट हजर होते.

चाहत्यांच्या हे ध्यानात आले की नाही कोण जाणे, पण त्यांनी वर्गाच्या ज्येष्ठ भगिनीचे नाव पुसून धाकटीचे लिहविले होते. जेफरीज यांच्या हिशेबाप्रमाणे तर योग्यच झाले. ते शटल अवकाशात कधी गेलेच नाही. १९७७ मध्ये वातावरणातील उड्डाणाच्या व उतरण्याच्या चाचण्यांपुरते ते वापरले गेले. अवकाशात जाण्याजोगे करण्याचा बेत खर्चामुळे सोडून देण्यात आला. आरंभापासून ज्या यानाच्या वाट्याला काटकसर आली, त्याच्या नावाच्या वारसालाही ती चुकली नाही. २०१२ पासून ते न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर ठेवलेले आहे. त्या जहाजाचे नाव ‘इंट्रेपिड’.

राहता राहिली लाकडाची मूळ प्रतिकृती. पॅरामाउंट कंपनीने ती १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला दिली. त्यानंतर तिच्यावर अनेकदा दुरुस्तीचे हात फिरले. त्यांतील १९९१ ची रंगरंगोटी इतकी भडक झाली की जाणकार हळहळले. अखेरच्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ती वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयाच्या मुख्य दालनात, खऱ्या विमानांच्या आणि अवकाशयानांच्या शेजारी मांडली गेली. छायाचित्रणासाठी वापरलेली ३३ इंची लहान प्रतिकृती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हरवली होती. ती २०२३ मध्ये लिलावाच्या एका जाहिरातीत अचानक दिसली आणि २०२४ मध्ये रॉडनबेरी यांच्या मुलाच्या हाती परत आली. मोठीच्या दुरुस्तीत संग्रहालयाच्या कारागिरांनी एका भागाला मात्र हात लावला नाही. तबकडीच्या वरच्या पृष्ठभागावर साठच्या दशकातील मूळ रंग तसाच आहे आणि त्यावर पत्र्यांच्या जोडांचा भास व्हावा म्हणून आखलेल्या शिसपेन्सिलीच्या रेघा अजून दिसतात.